व्यंगचित्रकाराने सत्ताधीशाला राक्षसाएवढा काढला, तर ती निंदा की गौरव? (निमित्त: जेम्स सेयर्सचे १७८३ चे चित्र)

नीलांबरी

सर्वांना नमस्कार. गेले काही महिने मी अठराव्या शतकातील इंग्लंडची राजकीय व्यंगचित्रे पाहते आहे आणि एकाच प्रश्नापाशी पुन्हा पुन्हा अडते आहे, म्हणून हा धागा काढला.

ज्या चित्राने मला अडवले ते ५ डिसेंबर १७८३ रोजी लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. चित्रकार जेम्स सेयर्स हा मुळात वकिली करणारा माणूस होता. ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार संसदेने नेमलेल्या आयुक्तांकडे सोपवण्याचे विधेयक तेव्हाचा परराष्ट्रमंत्री चार्ल्स जेम्स फॉक्स याने आणले होते, आणि हे चित्र त्या विधेयकावर आहे. फॉक्स पौर्वात्य बादशहाच्या वेषात, पगडी घालून हत्तीवर बसला आहे. हत्तीचे तोंड मात्र लॉर्ड नॉर्थचे आहे. हा नॉर्थ काल-परवापर्यंत फॉक्सचा कट्टर विरोधक होता आणि त्या वर्षी सत्तेसाठी त्याचा भागीदार झाला होता. पुढे फॉक्सच्या पक्षाचा खासदार एडमंड बर्क तुतारी फुंकत चालला आहे आणि ही मिरवणूक लेडनहॉल स्ट्रीटवरील कंपनीच्या मुख्य कचेरीपाशी येऊन ठेपली आहे. फॉक्स स्वतःला ‘जनतेचा माणूस’ म्हणवत असे. त्याच्या निशाणावरील ते शब्द खोडून ग्रीक भाषेत ‘राजाधिराज’ असे लिहिले आहे. चित्राचे नाव ‘कार्लो खानाचा लेडनहॉल स्ट्रीटवर विजयप्रवेश’ अशा अर्थाचे आहे.

संसदेतील सगळ्या भाषणांनी झाले नसेल तेवढे नुकसान सेयर्सच्या चित्रांनी केले, असे फॉक्स म्हणाल्याचे सांगतात. मला पडलेला प्रश्न असा की, एखाद्याची सत्तेची हाव दाखवण्यासाठी चित्रकार त्याला हत्तीवर चढवतो, त्याच्या अंगावर बादशाही वस्त्रे घालतो, रस्त्यावरच्या घरांपेक्षा त्याला उंच करतो, तेव्हा पाहणाऱ्याच्या मनात तो माणूस लहान होतो की मोठा? मला स्वतःला हा फॉक्स रुबाबदार वाटतो, आणि ते मला खटकते.

कोरीव

नीलांबरीताई, प्रश्न उत्तम आहे. मी स्वतः एचिंग करतो, त्यामुळे आधी हाताच्या बाजूने दोन गोष्टी सांगतो.

ही चित्रे तांब्याच्या प्लेटवर होत असत. प्लेटवर मेणाचा थर चढवायचा, तो सुईने खरवडून रेघ काढायची, मग प्लेट ॲसिडमध्ये सोडायची. जिथे तांबे उघडे पडले असेल तिथेच ॲसिड खाते, आणि त्या खाचांत शाई भरून छाप घेतला जातो. छाप उलटा येत असल्यामुळे निशाणावरील अक्षरेसुद्धा प्लेटवर आरशातल्यासारखी लिहावी लागतात. इतके कष्ट घेऊन लिहिलेला शब्द उगाच लिहिलेला नसतो, हे ध्यानात ठेवून ही चित्रे वाचावीत.

दुसरी गोष्ट आकाराची. ही चित्रे दुकानाच्या काचेत लावली जात. साधी प्रत शिलिंगाला आणि हाताने रंगवलेली दोन शिलिंगांना, असा त्या काळचा साधारण भाव होता. म्हणजे मजुराला विकत घेणे अवघड, पण काचेबाहेर उभे राहून पाहणे फुकट. पिकॅडिलीतला फोर्स नावाचा दुकानदार तर चित्रांचा गठ्ठा एका संध्याकाळपुरता भाड्याने देत असे. रस्त्यावरच्या गर्दीत मागे उभ्या असलेल्यालाही ओळखता यावा असा एक मोठा आकार मध्यभागी हवाच. फॉक्सच्या दाट भुवया, वाढलेले दाढीचे खुंट, सुटलेले पोट ही त्याची ओळख होती. तेव्हा मोठेपणाचा थोडा वाटा दुकानाच्या काचेला द्यावा लागेल.

जाता जाता आणखी एक. १७३५ च्या कायद्याने कोरीव चित्रांना स्वामित्वहक्क मिळाला आणि तो हवा असेल तर प्लेटवर प्रकाशनाची तारीख कोरावी लागे. आपण आज ‘५ डिसेंबर’ असे नेमके म्हणू शकतो ते त्यामुळेच.

दफ्तरदार

या तारखेवरूनच बोलायचे आहे. १ डिसेंबर १७८३ रोजी, म्हणजे चित्राच्या अवघे चार दिवस आधी, बर्कने या विधेयकाच्या बाजूने प्रदीर्घ भाषण केले होते. त्यात आपल्याकडच्या माणसांची नावे येतात. कंपनीने ज्याच्याशी ज्याच्याशी करार केला त्याला विकले, हे दाखवताना तो म्हणतो की, मराठ्यांचे राज्य राघोबाला विकले आणि मग राघोबालाच पेशव्यांच्या हवाली केले. राघोबा आणि पेशवे या दोघांनाही वऱ्हाडच्या राजापुढे, म्हणजे नागपूरकर भोसल्यांपुढे, विक्रीला ठेवले. महादजी शिंद्यांनाही त्याच राजापुढे ठेवले. सुरतेचा तह १७७५ चा, वडगाव १७७९ चे आणि सालबाईचा तह १७ मे १७८२ चा. हा सगळा इतिहास आपण शाळेत पुण्याच्या बाजूने शिकतो. लंडनच्या सभागृहात तो ‘खरेदी-विक्री’ म्हणून मांडला गेला होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

आता सेयर्सचे चित्र पुन्हा पाहा. हे भाषण करणारा बर्क तिथे फक्त तुतारीवाला आहे. त्याच्या तुतारीला बंगालचा नकाशा लटकवला आहे, म्हणजे तो लुटीची दवंडी पिटतो आहे असे सुचवले आहे. ज्या कंपनीने दीड-दोन दशकांत बंगालपासून पुण्यापर्यंत हात पसरले, तिची कचेरी चित्रात बिचारी, वेढली गेलेली दिसते. मर्यादा कोणी ओलांडली, याचे उत्तर या चित्राने पार फिरवून टाकले. म्हणून फॉक्स लहान दिसतो की मोठा, यापेक्षा चित्रात कंपनी किती निष्पाप दिसते, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

विंध्य

दफ्तरदार, आपल्या माहितीबद्दल आदर आहे, पण निष्कर्ष एकांगी वाटतो. विधेयकातली तरतूद काय होती ते पाहा. सात आयुक्त, त्यांची नावे विधेयकातच लिहिलेली, मुदत चार वर्षे, आणि मंत्रिमंडळ बदलले तरी ते सहजासहजी काढता येणार नाहीत. अध्यक्षपदी फॉक्सचा मित्र अर्ल फिट्झविल्यम. इतरांत खुद्द लॉर्ड नॉर्थचा मुलगा. हिंदुस्थानातल्या सगळ्या नेमणुका या सात जणांच्या हाती. ज्याच्या हाती नेमणुका त्याच्या हाती संसदेतली मते, हे त्या काळचे उघड गणित होते. कंपनी लुटारू होती म्हणून तिच्या तिजोरीची किल्ली एका गटाच्या कमरेला लावावी, असे होत नाही. सेयर्सला त्यात धोका दिसला असेल तर तो खोटा नव्हता.

शिवाय याच चित्रकाराचे २५ नोव्हेंबरचे चित्र पाहा. त्यात फॉक्स कंपनीची अख्खी इमारत खांद्यावर घेऊन सेंट जेम्स राजवाड्याकडे निघाला आहे. हे चित्र मला हत्तीच्या चित्रापेक्षाही नेमके वाटते, कारण त्यात बादशाही वेष नाही, उसने परकेपण नाही. आहे तो फक्त उचलेगिरीचा आरोप.

दफ्तरदार

विंध्य, तरतुदींविषयी आपले म्हणणे मान्य आहे आणि माझे वाक्य एकांगी झाले हेही मान्य करतो. पण पुढे काय घडले तेही चित्राशेजारी ठेवू या. खालच्या सभागृहात विधेयक सहज मंजूर झाले होते. मग तिसऱ्या जॉर्ज राजाने लॉर्ड टेंपलच्या हाती निरोप पाठवला की, जो कोणी या विधेयकाला मत देईल त्याला राजा आपला शत्रू समजेल. १७ डिसेंबरला उमरावांच्या सभागृहात विधेयक ९५ विरुद्ध ७६ मतांनी पडले. लगेच मंत्रिमंडळ बरखास्त झाले आणि २४ वर्षांचा विल्यम पिट पंतप्रधान झाला. निवडून आलेल्या सभागृहाचे बहुमत राजाने एका चिठ्ठीने मोडले. सेयर्सने ‘राजाधिराज’ हे शब्द फॉक्सच्या निशाणावर लिहिले, पण त्या महिन्यात राजेपणाची हद्द खरोखर ओलांडली ती राजाने. पिटने सेयर्सला पुढे सरकारी पद दिले, हेही नोंदवून ठेवतो.

अंबारी

माझा मुद्दा हत्तीपुरता आहे. आपल्याकडे हत्तीवरून मिरवणूक म्हणजे मान. अंबारी, झूल, पुढे तुतारी, नौबत. चित्रातली सगळी सामग्री आपल्या दृष्टीने मंगल आहे. कदाचित म्हणूनच नीलांबरीताईंना फॉक्स रुबाबदार वाटला असेल. लंडनच्या माणसाला मात्र तोच हत्ती आणि तीच पगडी पाहून पौर्वात्य जुलमी राजा आठवत असणार. ‘खान’ या शब्दातही तेच आहे. १७३९ साली दिल्ली लुटणारा नादिरशहा इंग्रजी पुस्तकांत ‘थामस कुली खान’ म्हणून प्रसिद्ध होता. चार्ल्सचा कार्लो आणि त्याला जोडलेला खान, एवढ्याने वाचकाच्या मनात लूट उभी राहत असे.

मला दुःख याचे होते की, अधिकाराचा अतिरेक दाखवायला त्यांना आपला पोशाख लागला. अतिरेक करणारे लोक कोट आणि विग घालून लेडनहॉल स्ट्रीटवरच बसले होते.

कोरीव

अंबारी, तुमचे शेवटचे वाक्य मनाला लागले. हत्तीविषयी मात्र थोडी भर घालतो. नॉर्थ स्थूल होता, डोळे मोठे आणि बाहेर आलेले, आणि सभागृहात डुलक्या घेण्याबद्दल तो प्रसिद्ध होता. हत्तीचा जडपणा त्याच्या शरीरयष्टीतूनच आला आहे. चेहरा न बदलता प्राण्याच्या धडावर बसवणे हे काम वरवर सोपे दिसते. प्रत्यक्षात एक रेघ जरी जास्त खोल गेली तरी ओळख हरवते.

शेवंती

मूळ प्रश्नाकडे येते. आकार मोठा करूनही माणसाला हलके करता येते, याचे मला माहीत असलेले सर्वांत धीट उदाहरण एप्रिल १७९१ चे आहे. विल्यम हॉलंडच्या दुकानाने ते प्रसिद्ध केले. नाव ‘शाही ढांग’ अशा अर्थाचे. रशियाची सम्राज्ञी कॅथरीन एक पाय रशियात ठेवून दुसरा थेट कॉन्स्टँटिनोपलवर (तुर्की सुलतानाची राजधानी, आजचे इस्तंबूल) टेकवते आहे. चवडा चंद्रकोरीच्या टोकावर आहे. खाली युरोपातले राजे, पोप आणि सुलतान उभे राहून तिच्या घागऱ्याखालून वर पाहत असभ्य शेरे मारत आहेत. त्याच सुमारास काळ्या समुद्राकाठच्या ओचाकोव्ह किल्ल्यावरून पिट रशियाशी युद्ध करायला निघाला होता आणि त्याला माघार घ्यावी लागली.

ती चित्रात सगळ्यांत मोठी आहे, पण तिची ढांग तोलाबाहेरची आहे. एवढी ताणलेली व्यक्ती एक पाऊल पुढे टाकू शकत नाही आणि मागेही घेऊ शकत नाही. अतिरेकाची व्याख्याच रेघेने केली आहे, असे मला हे चित्र पाहताना वाटते. तिच्या बाई असण्यावर केलेले शेरे मला मुळीच आवडत नाहीत. पुरुष राजाची ढांग काढली असती तर खालून पाहणाऱ्यांनी काय पाहिले असते, हा विचार करावा.

पाणवठा

शेवंतीताईंशी सहमत. फॉक्स रुबाबदार वाटतो कारण तो आरामात बसला आहे. कॅथरीन ताणलेली आहे.

खतावणी

मी आयुष्यभर बँकेत काम केले, त्यामुळे माझे आवडते चित्र बँकेचेच असणार.

फेब्रुवारी १७९७ मध्ये फ्रेंचांची एक तुकडी वेल्सच्या किनाऱ्यावर उतरली. घबराट पसरली आणि लोक नोटा देऊन सोने मागू लागले. २६ फेब्रुवारीला सरकारने हुकूम काढून बँक ऑफ इंग्लंडला नोटांच्या बदल्यात सोने देण्यास मनाई केली. त्यानंतर एक आणि दोन पौंडांच्या नोटा निघाल्या. ९ मार्चला व्यंगचित्रकार जेम्स गिलरेचे चित्र आले. त्यात पिट हा मिडास राजा झाला आहे. ग्रीक कथेतला मिडास ज्याला हात लावी त्याचे सोने होई. हा मिडास सोन्याचा कागद करतो. तो बँकेवर दोन पाय फाकून उभा आहे, पोट सोन्याच्या नाण्यांनी गच्च भरले आहे आणि तोंडातून नोटा ओकतो आहे. मिडासच्या कथेप्रमाणे कान गाढवाचे.

नीलांबरीताई, हा पिटही इमारतीपेक्षा उंच आहे, पण रुबाबदार कोणी म्हणणार नाही. खऱ्या आयुष्यात तो काडीसारखा बारीक होता. त्याचे पोट फुगवले की ते सोने त्याचे नाही हे आपोआप कळते. त्याच वर्षी २२ मे रोजी गिलरेने बँकेला नोटांचा झगा घातलेली म्हातारी केले. ती कुलूप लावलेल्या पेटीवर बसली आहे, पिट तिच्याशी लगट करत तिच्या खिशातले सोने काढतो आहे आणि ती ओरडते आहे. बँक ऑफ इंग्लंडला ‘थ्रेडनीडल स्ट्रीटची म्हातारी’ हे नाव आजही चिकटलेले आहे.

आपल्या नोटेवर ‘धारकास अमुक रुपये अदा करण्याचे वचन देतो’ असे छापलेले असते. काउंटरवर बसून ते वाक्य मी हजारो वेळा हाताखालून घातले असेल. त्या वचनात किती वजन असते हे मला इतक्या स्पष्टपणे त्या म्हातारीच्या किंकाळीने समजावले.

विंध्य

खतावणी, फार सुंदर. तुमच्या उदाहरणात एक भर घालतो, कारण चित्रकाराच्या प्रामाणिकपणाचा प्रश्न वर निघाला होता. गिलरेला पिटच्या सरकारकडून वर्षाला २०० पौंडांचे गुप्त निवृत्तिवेतन १७९७ पासूनच सुरू झाले. म्हणजे पिटला मिडास करणारा हात त्याच वर्षी पिटच्या पगारावर गेला. मला यावरून गिलरेची प्रतिभा कमी झाली असे म्हणायचे नाही. पण फुटणाऱ्या पोटाचे चित्र काढणाऱ्याला सरकारने तुरुंगात न टाकता विकत घेतले, यावरून त्या चित्राचे भय किती होते ते दिसते.

नीलांबरी

सर्वांचे मनापासून आभार. सगळी चित्रे पुन्हा समोर ठेवून पाहिली आणि माझ्या प्रश्नात चूक होती असे आता वाटते. मी फक्त वर बसलेल्याकडे पाहत होते. तो कोणाच्या पाठीवर आहे हे मी पाहिले नव्हते.

फॉक्स नॉर्थच्या पाठीवर आहे. नॉर्थची मते नसती तर विधेयक नसते, आणि ते राजकीय सत्य हत्तीच्या रूपात खाली आहे. १७८९ च्या प्रसिद्ध फ्रेंच चित्रात वाकलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या पाठीवर धर्मगुरू आणि सरदार बसले आहेत. डिसेंबर १७९१ मध्ये गिलरेने पिटला उकिरड्यावर उगवलेले भूछत्र केले, त्यात भूछत्राची मुळे पसरून राजमुकुटाचा आकार घेतात. म्हणजे पाठ नाही, पण मुळे राजाची आहेत. इथे आकार लहान असूनही आरोप तोच आहे. शेवंतीताईंच्या चित्रात पायाखाली इतर राजे आहेत आणि खतावणींच्या चित्रात पायाखाली बँक आहे.

दफ्तरदार, आपल्यासाठी एक चित्र मुद्दाम शोधून ठेवले आहे. १३ फेब्रुवारी १७८८ रोजी वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये बंगालचा माजी गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज याच्यावर महाभियोग सुरू झाला आणि १ मार्चला गिलरेचे चित्र आले. त्यात लॉर्ड चॅन्सलर थर्लो रक्ताच्या समुद्रातून चालतो आहे आणि त्याच्या खांद्यावर पौर्वात्य वेषातला हेस्टिंग्ज पैशांच्या थैल्या सांभाळत बसला आहे. समुद्रात हिंदी माणसांची छिन्नविच्छिन्न प्रेते तरंगत आहेत. इथे पाठीखाली आणखी एक थर आहे.

दफ्तरदार

नीलांबरीताई, हे चित्र मी पाहिले होते, पण सेयर्सच्या चित्राशेजारी ठेवून कधीच पाहिले नव्हते. १७८३ च्या चित्रात हिंदुस्थान म्हणजे एक हत्ती, एक नकाशा आणि एक पगडी. त्यात एकही हिंदी माणूस नाही. पाच वर्षांनी माणसे आली ती प्रेते म्हणून. हेस्टिंग्ज २३ एप्रिल १७९५ रोजी निर्दोष सुटला.

अंबारी

दोन्हींच्या मध्ये एक चित्र आहे, तेही या धाग्यात असावे. मार्च १७८४ मध्ये थॉमस रोलंडसनने फॉक्सच्या बाजूने चित्र काढले. त्यात फॉक्स तलवार आणि ढाल घेऊन अनेक मुंडक्यांच्या राक्षसाशी लढतो आहे. मुंडक्यांवर जुलूम, भ्रष्टाचार, गुप्त वजन अशी नावे आहेत. फॉक्सच्या बाजूला इंग्रज माणसांबरोबर हिंदी माणसेही आहेत, आणि ती जिवंत आहेत. निवडणुकीत मात्र फॉक्सच्या पक्षाचे पानिपत झाले आणि लोकांच्या लक्षात राहिला तो हत्तीच.

कोरीव

अंबारी, हे चित्र मी उद्या मोठे करून पाहतो. पाठीमागच्या माणसांचे चेहरे कोरण्यात रोलंडसनने किती वेळ घालवला आहे, ते रेघांवरून कळेल. पाहून इथेच लिहितो.